नोंदवहीत न आलेले मरण : उष्णता, धूर आणि मृत्युगणनेचा इतिहास

(१) प्रास्ताविक

साथीच्या रोगांनी आणि दुष्काळांनी घडवून आणलेल्या मृत्यूंचा इतिहास लिहिण्याची परंपरा आता चांगली रुळलेली आहे. पटकी, देवी, प्लेग, इन्फ्ल्यूएंझा यांच्या साथींवर स्वतंत्र ग्रंथ झाले आहेत आणि दुष्काळांची हकीकत तर सरकारी आयोगांनीच तपशीलवार लिहून ठेवली आहे. याउलट अतिउष्ण हवा आणि धुराने भरलेली हवा या दोन कारणांनी झालेले मृत्यू इतिहासकाराच्या दृष्टीस क्वचितच पडतात. ते थोडे असतात म्हणून हे घडते असे नव्हे. प्लेगचा रोगी प्लेगचा म्हणून ओळखू येतो, पण उष्णतेने किंवा धुराने दगावलेला मनुष्य बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी रोगाच्या नावावर जमा होतो. वृद्धाचे हृदय बंद पडते, दम्याच्या रोग्याचा श्वास कोंडतो, अर्भकाला ताप येऊन ते दगावते. या तिन्ही मृत्यूंना नोंदवहीत आपापले रकाने आधीच आखलेले असतात, आणि हवेचा त्यांत उल्लेख येत नाही.

असे घडण्यास शारीरिक कारण आहे. बाहेरची उष्णता वाढली की शरीर त्वचेकडे अधिक रक्त पाठवून आणि घाम गाळून आपले तापमान राखू पाहते. त्यासाठी हृदयाला जादा श्रम पडतात, आणि अंगातले पाणी व क्षार कमी होऊन मूत्रपिंडांवरही ताण येतो. धडधाकट तरुण हा ताण सोसतो. ज्याचे हृदय आधीच दुबळे आहे, ज्याला तहानेची जाणीव कमी झाली आहे, किंवा ज्याला पोटासाठी भर उन्हात श्रम केल्यावाचून गत्यंतर नाही, त्याला तो सोसत नाही. धुराचेही असेच आहे. हवेतील सूक्ष्म कण फुप्फुसांत खोल उतरतात, तेथे दाह उत्पन्न करतात आणि हृदयविकार व श्वासविकार बळावतात. म्हणजे उष्णता आणि धूर या दोहोंचा आघात मुख्यतः जो आधीच दुर्बल आहे त्याच्यावर, त्याच्या जुन्या दुखण्याच्या द्वारे होतो.

यावरून एक गोष्ट निष्पन्न होते, आणि तीच प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य होय. उष्णता व धूर यांच्या बळींचा इतिहास हा प्रथमतः मोजणीचा इतिहास आहे. एकेका मृताकडे पाहून हे बळी दिसत नाहीत. नेहमीची मृत्युसंख्या किती आणि या आठवड्याची किती, अशी तुलना केली म्हणजेच ते दिसू लागतात. जेथे अशी तुलना करण्याजोगी नोंदवही होती तेथे हे मृत्यू सार्वजनिक प्रश्न बनले आणि क्वचित कायद्यापर्यंतही पोहोचले. जेथे ती नव्हती, किंवा असूनही कोणी वाचली नाही, तेथे ते घरोघरच्या खाजगी दुःखापलीकडे गेले नाहीत. हे विधान पुढे प्रथम लंडनच्या धुराच्या, नंतर शिकागो व पॅरिस येथील उष्णतेच्या आणि शेवटी आपल्या देशाच्या उदाहरणांवरून तपासावयाचे आहे.

(२) लंडनचा धूर आणि लंडनच्या नोंदी

लंडन शहरात दगडी कोळशाच्या धुराविषयीची तक्रार फार जुनी आहे. जॉन एव्हलिन याने १६६१ मध्ये या धुराविरुद्ध एक पुस्तिका लिहून राजा दुसरा चार्ल्स याला अर्पण केली. ती वाचनीय असली तरी तिचा आधार मुख्यतः अनुभव आणि वक्तृत्व यांचा होता. पुढच्याच वर्षी, १६६२ मध्ये, जॉन ग्राँट नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने लंडनच्या साप्ताहिक मृत्युपत्रकांवर आधारलेला आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ही पत्रके तयार करण्याची रीत मोठी विलक्षण होती. प्रत्येक पॅरिशमध्ये नेमलेल्या वृद्ध स्त्रिया मृताच्या घरी जाऊन प्रेत पाहत आणि मरणाचे कारण सांगत. त्यांना वैद्यकाचे शिक्षण नव्हते. असे असूनही ग्राँटने त्या कच्च्या नोंदींतून शहरातील मृत्यूंचे प्रमाण खेड्यांपेक्षा अधिक असल्याचे दाखवले आणि त्याच्या कारणांत कोळशाच्या धुराचीही गणना केली. एव्हलिन व ग्राँट यांच्या लेखनात एका वर्षाचेच अंतर आहे, परंतु पद्धतीच्या दृष्टीने ते फार मोठे आहे. धुराच्या बाबतीत तक्रारीकडून मोजणीकडे पहिले पाऊल येथे पडले असे म्हणावयास हरकत नाही.

इंग्लंडमध्ये १८३७ पासून जन्ममृत्यूंची मुलकी नोंदणी सुरू झाली आणि विल्यम फार याने मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण करण्याचे काम हाती घेतले. लंडनचे मृत्यूंचे आकडे आठवड्याच्या आठवड्याला प्रसिद्ध होऊ लागले. त्यामुळे एखाद्या आठवड्यात मृत्यू नेहमीपेक्षा किती अधिक झाले हे सांगता येऊ लागले. डिसेंबर १८७३ च्या दाट धुक्यानंतर असा फरक स्पष्ट दिसला. त्याच वेळी इझ्लिंग्टन येथे भरलेल्या गुरांच्या प्रदर्शनातील काही पुष्ट जनावरे गुदमरून मेली. ती लोकांच्या डोळ्यांदेखत मेली असल्यामुळे त्यांची वार्ता लगोलग झाली. माणसांच्या मरणाची वार्ता व्हावयास मात्र साप्ताहिक तक्त्याची वाट पाहावी लागली.

विसाव्या शतकात लंडनला दोन आगाऊ इशारे मिळाले होते. डिसेंबर १९३० च्या पहिल्या आठवड्यात बेल्जममधील म्यूज नदीच्या अरुंद खोऱ्यात कारखान्यांचा धूर धुक्यात कोंडला गेला आणि साठांहून अधिक माणसे दगावली. त्या घटनेच्या तपासात भाग घेतलेले फिरकेट यांनी पुढे १९३६ मध्ये असा हिशेब मांडला की, हीच आपत्ती लंडनसारख्या शहरावर कोसळली तर सुमारे ३,२०० आकस्मिक मृत्यूंची जबाबदारी तेथील सार्वजनिक यंत्रणेवर येऊन पडेल. दुसरा इशारा ऑक्टोबर १९४८ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डोनोरा या गावाने दिला. सुमारे चौदा हजार वस्तीच्या त्या गावात जस्ताच्या व पोलादाच्या कारखान्यांचा धूर काही दिवस साचून राहिला. वीस माणसे मेली आणि जवळजवळ निम्मे गाव आजारी पडले. फिरकेट यांचा हिशेब लंडनमधील राज्यकर्त्यांनी मनावर घेतल्याचे दिसत नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर १९५२ पासून मंगळवार, ९ डिसेंबरपर्यंत लंडनवर थंड व स्थिर हवेचे आवरण पसरले. नेहमी जमिनीजवळची हवा उष्ण असते आणि ती वर चढताना धूर घेऊन जाते. त्या दिवसांत खाली थंड व वर उबदार हवा असा उलटा थर बनल्यामुळे घरोघरच्या शेगड्यांचा, विद्युत्-केंद्रांचा व कारखान्यांचा धूर खालीच अडकला. युद्धोत्तर काळात ब्रिटन आपला चांगला कोळसा परदेशी विकून परकीय चलन मिळवीत होते आणि घरगुती वापरास हलका, भुकटीवजा कोळसा पुरवला जात होता. धुरातील काजळी आणि गंधकाचा डायऑक्साइड धुक्याशी मिसळून जे दाट पिवळट मिश्रण झाले त्याला आपण मराठीत धुरके म्हणतो.

या वेळीही प्रथम लक्ष गेले ते गुरांकडेच. अर्ल्स कोर्ट येथे भरलेल्या प्रदर्शनातील जनावरांना धाप लागल्याच्या व काही दगावल्याच्या बातम्या छापून आल्या. माणसांच्या बाबतीत शवपेट्या व फुले अपुरी पडू लागली तेव्हा काही तरी विपरीत घडले असल्याची शंका आली. निर्णायक पुरावा मात्र नोंदणी-कार्यालयाच्या आकड्यांनीच दिला. १३ डिसेंबर रोजी संपलेल्या आठवड्यात विस्तृत लंडनमध्ये ४,७०३ मृत्यू नोंदले गेले, तर आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्यात ते १,८५२ होते. वृद्ध व अर्भके यांच्यातील वाढ विशेष होती. मृत्युपत्रांवर कारणे लिहिली होती ती श्वासनलिकादाह, न्यूमोनिया, हृदयविकार अशीच.

सरकारी अहवालाने १९५४ मध्ये सुमारे ४,००० अधिक मृत्यू धुरक्यामुळे झाल्याचे मान्य केले. परंतु १९५३ च्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतही मृत्युसंख्या नेहमीच्या पातळीवर उतरली नव्हती. हे पुढचे मृत्यू इन्फ्ल्यूएंझाच्या खाती टाकण्यात आले. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, २००१ मध्ये, मिशेल बेल व डेव्हरा डेव्हिस या संशोधक स्त्रियांनी तेच आकडे पुन्हा तपासले. इन्फ्ल्यूएंझाने एवढी वाढ उलगडत नाही असे दाखवून त्यांनी धुरक्याच्या बळींची संख्या सुमारे १२,००० असावी असा अंदाज केला. हा अंदाज आहे हे विसरता कामा नये. तथापि येथे नोंदवही एकच असून आकडा तिप्पट झाला, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात घेण्याजोगी आहे. फरक पडला तो आपत्ती कोणत्या दिवशी संपली असे मानावयाचे या प्रश्नाच्या उत्तरामुळे.

आकडे समोर आल्यावर सरकारला स्वस्थ बसणे अशक्य झाले. मंत्रिमंडळाचा प्रारंभीचा कल नवा कायदा टाळण्याकडेच होता. १९५३ मध्ये सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तिचा अहवाल १९५४ च्या अखेरीस आला आणि १९५६ मध्ये शुद्ध हवेचा कायदा संमत झाला. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, त्याने कारखान्याच्या धुराड्यापाशी न थांबता घरातील शेगडीलाही हात घातला. धूर-नियंत्रित क्षेत्रे आखण्यात आली आणि शेगडी बदलण्याच्या खर्चात सार्वजनिक निधीतून मदत देण्याची तरतूद झाली. डिसेंबर १९६२ मध्ये लंडनवर पुन्हा दाट धुरके पडले, पण मृत्यूंची संख्या १९५२ पेक्षा पुष्कळच कमी राहिली.

(३) उष्णतेचे बळी : शिकागो, पॅरिस, मॉस्को

धूर निदान डोळ्यांना दिसतो. उष्णता तशी दिसत नाही आणि ती कोणा कारखानदाराच्या धुराड्यातून निघाली असेही म्हणता येत नाही. ती निसर्गाची म्हणून समजली जाते. त्यामुळे तिच्या बळींच्या मोजणीस अधिक विरोध होतो. १९९५ च्या जुलैमध्ये शिकागो शहरात जे घडले ते या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

त्या वर्षी १३ जुलै रोजी शिकागोतील तापमान ४१ अंश सेल्सियसपर्यंत चढले आणि हवेतील दमटपणामुळे ते त्याहून पुष्कळ अधिक भासले. दोन-तीन दिवसांतच शवागारात जागा उरली नाही व प्रेते ठेवण्यासाठी शीतकरणाची सोय असलेल्या मालमोटारी आणाव्या लागल्या. त्या प्रांताचे मुख्य वैद्यकीय मृत्युपरीक्षक एडमंड डॉनह्यू यांनी मृताच्या शरीराचे तापमान, तसेच ज्या खोलीत तो सापडला तेथील उष्णता, असे निकष लावून शेकडो मृत्यू उष्णतेचे म्हणून नोंदवले. महापौर रिचर्ड डेली यांनी या आकड्यांवरच आक्षेप घेतला. उन्हाळ्यात मरणारा प्रत्येक जण उष्णतेनेच मेला असे म्हणता येत नाही, असा त्यांचा रोख होता. पुढे नेहमीच्या मृत्युसंख्येशी तुलना करून काढलेला आकडा ७३९ भरला. डॉनह्यू यांनी मृत्यू फुगवून सांगितल्याचा आरोप होता, पण त्यांची गणना प्रत्यक्षात कमीच पडत होती.

समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी २००२ मध्ये या घटनेवर ग्रंथ लिहिला. त्यांनी नॉर्थ लॉनडेल व साउथ लॉनडेल या शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना केली आहे. दोन्ही गरीब आणि दोहोंतही एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ. पहिल्या वस्तीत उष्णतेच्या मृत्यूंचे प्रमाण लाखामागे ४० होते, तर दुसऱ्या वस्तीत ते चारांपेक्षाही कमी. पहिल्या वस्तीतील दुकाने व उद्योग उठून गेले होते, रस्ते ओस पडले होते आणि चोरांच्या भीतीने म्हातारी माणसे दारेखिडक्या लावून आत बसत. दुसऱ्या वस्तीत रस्ता गजबजलेला होता, जवळ बाजार होता व घराबाहेर पडावयास निमित्त होते. उष्णता दोन्हीकडे सारखीच होती. दुर्बलता वयावर व रोगावर अवलंबून असते तशीच ती वस्तीच्या रचनेवरही अवलंबून असते, हे या तुलनेने दाखवून दिले.

ऑगस्ट २००३ मध्ये पश्चिम युरोपवर अभूतपूर्व उष्णता आली. फ्रान्समध्ये तो सुटीचा महिना होता. मंत्री, अधिकारी, डॉक्टर आणि वृद्धांचे मुलगे-मुली बहुतेक सर्वच बाहेरगावी गेलेले होते. तातडीच्या उपचारविभागांतील डॉक्टरांनी व अंत्यविधी करणाऱ्या संस्थांनी प्रथम गवगवा केला. राष्ट्रीय यंत्रणेजवळ रोजच्या रोज मृत्युसंख्या कळण्याची सोय तेव्हा नव्हती. नंतर केलेल्या गणनेत १ ते २० ऑगस्ट या वीस दिवसांत फ्रान्समध्ये सुमारे १४,८०० अधिक मृत्यू झाल्याचे आढळले, आणि त्या उन्हाळ्यात सबंध युरोपात ही संख्या ७०,००० च्या वर गेल्याचे २००८ मधील एका अभ्यासाने दाखवले. पॅरिसमध्ये जस्ती पत्र्याच्या छपराखालील वरच्या मजल्यांवर, पूर्वी मोलकरणींसाठी बांधलेल्या खोल्यांत राहणारी एकाकी माणसे विशेष बळी पडली. ज्यांची प्रेते न्यावयास कोणीच आले नाही अशा ५७ जणांचे दफन ३ सप्टेंबर २००३ रोजी थिए येथील दफनभूमीत झाले. त्या वेळी अध्यक्ष जाक शिराक उपस्थित होते. त्यानंतर फ्रान्सने मृत्यूंच्या आकड्यांवर सतत लक्ष ठेवण्याची पद्धत व उष्णतेचा राष्ट्रीय आराखडा अमलात आणला.

उष्णता व धूर यांचा येथे आपण क्रमाने विचार केला असला तरी निसर्गात ती दोन्ही पुष्कळदा एकत्र येतात. वारा थांबणे हे दोहोंनाही पोषक असते. २०१० च्या उन्हाळ्यात मॉस्कोत ६ जुलै ते १८ ऑगस्ट अशी चव्वेचाळीस दिवस उष्णतेची लाट राहिली आणि भोवतालच्या दलदली व अरण्ये पेटून त्यांचा धूर शहरावर पसरला. अभ्यासकांनी सुमारे ११,००० अधिक मृत्यूंचा हिशेब मांडला असून त्यांतील दोन हजारांहून अधिक मृत्यू उष्णता व धूर यांच्या संयोगामुळे झाल्याचे त्यांचे अनुमान आहे. म्हणजे उष्णतेचे वेगळे आणि धुराचे वेगळे बळी मोजून त्यांची बेरीज केली तरी हिशेब पुरा होत नाही.

(४) एका आक्षेपाचा विचार

अशा गणनेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ही माणसे वृद्ध व रोगीच होती, ती थोड्या दिवसांत मरणारच होती, हवेने त्यांचे मरण थोडेसे अलीकडे ओढले एवढेच, असे म्हटले जाते. हा आक्षेप केवळ निष्ठुर म्हणून फेटाळणे शास्त्रीय ठरणार नाही, कारण तो तपासून पाहता येतो. तो खरा असेल तर आपत्तीनंतरच्या आठवड्यांत मृत्युसंख्या नेहमीपेक्षा तितकीच खाली उतरली पाहिजे. काही लहान लाटांनंतर अशी थोडी घट दिसलीही आहे. परंतु २००३ नंतर फ्रान्समध्ये पुढील महिन्यांत मेलेल्यांच्या संख्येएवढी घट आढळली नाही, आणि १९५२ नंतर लंडनमध्ये तर मृत्युसंख्या वाढलेलीच राहिली. तेव्हा ‘मरणारच होती’ हे विधान त्या दोन्ही घटनांपुरते तरी टिकत नाही.

शिवाय या आक्षेपात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. प्रत्येक मृत्यू कधी ना कधी येणारच असतो. असे असूनही अपघात किंवा खून यांच्या बाबतीत आपण तो युक्तिवाद करीत नाही. तो दुर्बलांच्या बाबतीतच केला जातो, यावरून मृत्युगणना हा निव्वळ गणिताचा व्यवहार नसून कोणाचे आयुष्य मोजण्याजोगे समजले जाते याचाही तो निदर्शक आहे. अलीकडचे एक उदाहरण येथे देण्यासारखे आहे. दक्षिण लंडनमध्ये वर्दळीच्या हमरस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची एक मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने मरण पावली. मृत्यूच्या पहिल्या चौकशीत दूषित हवेचा उल्लेख नव्हता. तिच्या आईने नेटाने दुसरी चौकशी करावयास लावली आणि डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने वायुप्रदूषण हे त्या मृत्यूला हातभार लावणारे कारण म्हणून नोंदवले. ब्रिटनमध्ये एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूच्या कारणांत अशी नोंद होण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. ग्राँटच्या ग्रंथापासून तेथवर ३५८ वर्षे लोटली होती.

(५) भारतीय नोंदवही

आता आपल्या देशाकडे वळू. ब्रिटिश अमदानीत मृत्यूंची नोंद गावोगावी होत असे आणि ती बहुधा पाटील, कुलकर्णी, चौकीदार अशा गावकामगारांच्या हाती असे. तिच्यात पटकी, देवी, आमांश-हगवण, इजा असे मोजके रकाने असत आणि ‘ताप’ हा त्यांतील सर्वांत मोठा रकाना होता. हिंदुस्थानातील निम्म्याहून अधिक मृत्यू या एका शब्दाखाली जमा होत. वैशाखात शेतात किंवा खडी फोडताना कोसळलेला मजूर अंग तापूनच मेलेला असे, तेव्हा तो तापाच्या रकान्यात गेला तर त्यात नोंद करणाऱ्याचा दोष म्हणता येणार नाही. दुसरीकडे, त्याच देशात गोऱ्या फौजेच्या वार्षिक आरोग्य-अहवालांत उष्माघाताने आजारी पडलेल्या व मेलेल्या सैनिकांचे आकडे स्वतंत्रपणे दिले जात. उष्णतेने माणूस मरतो हे ज्ञान सरकारपाशी नव्हते असे नाही. ते ज्ञान कोणाच्या मृत्यूला लावावयाचे हे ठरलेले होते.

धुराच्या बाबतीतही असाच भेद दिसतो. बंगालमध्ये १९०५ साली आणि मुंबई इलाख्यात १९१२ साली धूर-उपद्रवाचे कायदे झाले. गिरण्यांचे शहर असलेल्या मुंबईत त्यांची आवश्यकता होती यात शंका नाही. परंतु त्यांचा रोख वाफेच्या यंत्रांच्या भट्ट्यांवर व धुराड्यांवर होता. धुराचा काळेपणा डोळ्यांनी पारखावयाचा आणि कोळसा नीट जाळला जातो की नाही ते पाहावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. चाळीतल्या एका खोलीत चुलीपुढे बसलेल्या स्त्रीच्या फुप्फुसांत किती धूर जातो हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेत आला नाही. तो प्रथम एका डॉक्टर स्त्रीच्या निरीक्षणातून पुढे आला. हृदयरोगतज्ज्ञ एस. पद्मावती यांनी १९५९ मध्ये दिल्लीतील फुप्फुसजन्य हृदयविकाराच्या रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या स्त्रियांनाही हा विकार जडतो, आणि तोही पुरुषांपेक्षा कमी वयात, असे त्यांना आढळले. त्याचे संभाव्य कारण म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातील धुराकडे बोट दाखवले. पुढे कर्क स्मिथ व त्यांचे भारतीय सहकारी यांनी गुजरातमधील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर मापनयंत्रे लावून त्यांच्या श्वासातील धुराचे प्रत्यक्ष मापन केले. तो अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनने शेगडीला १९५६ मध्ये कायद्यात आणले, तेव्हा आपल्याकडे चुलीच्या धुराची गणनाही सुरू झालेली नव्हती.

स्वातंत्र्योत्तर काळात १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणी कायदा झाला आणि नोंदणीचे प्रमाण पुष्कळ वाढले. तथापि मृत्यूची नोंद होणे वेगळे आणि त्याचे कारण वैद्यकीय दाखल्यानिशी लिहिले जाणे वेगळे. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्के मृत्यूंनाच असा दाखला होता. अशा स्थितीत दाखल्यावर ‘उष्माघात’ शब्द असलेले मृत्यू तेवढे मोजणे म्हणजे मोजणी टाळणेच होय. ओरिसात (आजच्या ओडिशात) १९९८ च्या उन्हाळ्यात २,०४२ मृत्यू उष्णतेचे म्हणून सरकारी दप्तरात आले आणि त्या राज्याने पुढे उष्णतेच्या पूर्वतयारीस प्रारंभ केला. पण असे आकडे त्या त्या घटनेच्या वेळी प्रशासनाच्या नजरेस जे पडले तेवढेच सांगतात.

या दृष्टीने अहमदाबादचा मे २०१० हा महिना भारतीय इतिहासात महत्त्वाचा आहे. त्या महिन्यात तेथील तापमान ४६.८ अंशांपर्यंत गेले. महानगरपालिकेच्या जन्ममृत्यू नोंदणीतून संशोधकांनी सर्व कारणांनी झालेल्या मृत्यूंची संख्या काढली तेव्हा ती ४,४६२ भरली. तुलनेसाठी घेतलेल्या काळात ती ३,११८ होती. म्हणजे एका महिन्यात १,३४४ मृत्यू अधिक, सुमारे ४३ टक्क्यांची वाढ. ही गणना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. कारणाचा दाखला नसतानाही केवळ तारीख व संख्या यांच्या बळावर बळी कसे दिसू लागतात याचा हा वस्तुपाठ होय. फारने ज्या पायावर काम केले तोच हा पाया.

त्याच शहरातील एका रुग्णालयाच्या नोंदींनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली. तेथील प्रसूतिविभाग सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली होता आणि कडक उन्हाच्या दिवसांत नवजात अर्भके उष्णतेच्या विकाराने अतिदक्षता विभागात दाखल होत होती. विभाग खालच्या मजल्यावर हलविल्यावर असे रुग्ण घटले. पॅरिसच्या जस्ती छपराखालचा वृद्ध आणि अहमदाबादच्या गच्चीखालचे अर्भक यांना एकाच प्रकारच्या जागेने गाठले होते. पुढे २०१३ मध्ये अहमदाबाद महानगरपालिकेने उष्णतेचा कृती-आराखडा अमलात आणला. दक्षिण आशियातील तो पहिला आराखडा समजला जातो. त्याच्या फलिताचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळल्याचा अंदाज केलेला आहे. नागपूरसह इतर शहरांनीही नंतर असे आराखडे तयार केले.

महाराष्ट्राच्या अलीकडच्या अनुभवातून एक सूक्ष्म गोष्ट लक्षात येते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावर भरलेल्या शासकीय पुरस्कार-समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या परिसरातील कमाल तापमान त्या दिवशी चाळीस अंशांच्या खालीच होते. कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून विदर्भात सोसवणारी उष्णता तेथे घातक होऊ शकते. हवामान खात्यानेही उष्णतेच्या लाटेचा निकष मैदानी प्रदेशास ४० अंशांपासून व किनारपट्टीस ३७ अंशांपासून लावला आहे. खारघरचे मृत्यू सर्वांसमक्ष घडले म्हणून त्यांची गणना झाली. त्याच आठवड्यात पत्र्याच्या घरात, बांधकामाच्या जागेवर किंवा फेरीच्या हातगाडीपाशी किती जण दगावले याचे उत्तर देण्यास पुन्हा नोंदवहीकडेच जावे लागेल.

(६) उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, उष्णता व धूर यांच्या बळींची संख्या ही नुसती वेचून घ्यावयाची वस्तू नाही. कोणता काळ धरावयाचा, तुलना कशाशी करावयाची आणि कोणत्या मृत्यूला कोणते नाव द्यावयाचे या निर्णयांतून ती सिद्ध होते, आणि हे निर्णय राजकीय वादाचे विषय होतात. लंडनमध्ये इन्फ्ल्यूएंझाचा आणि शिकागोत ‘नैसर्गिक मृत्यूं’चा वाद याच जातीचा होता. दुसरी अशी की, आकडा सिद्ध झाल्यावर कायदा किंवा आराखडा आपोआप येत नाही, पण आकड्यावाचून तो आल्याचे उदाहरण शोधून काढावे लागेल. तिसरी गोष्ट अशी की, मोजणीचा प्रकाश जेथे पडला तेथेच उपाय पोहोचला. धुराड्यावर पडला तेव्हा चूल अंधारात राहिली, आणि सैनिकावर पडला तेव्हा मजूर.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना या विषयात काम करण्यास पुष्कळ वाव आहे. कुलाबा वेधशाळेची हवामानाची निरीक्षणे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून उपलब्ध आहेत. मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर या शहरांतील नगरपालिकांनी मृत्यूंचे तक्ते पिढ्यान्‌पिढ्या ठेवले आहेत. प्लेगच्या व साथींच्या अभ्यासकांनी ते पाहिले आहेत, परंतु एप्रिल-मे महिन्यांचे मृत्यू तापमानाशी ताडून पाहावेत या हेतूने ते क्वचितच उघडले गेले असतील. गिरणगावातील वॉर्डांच्या श्वासविकारांच्या नोंदी आणि गिरण्यांच्या भरभराटीची व बंदीची वर्षे यांची सांगड घालणे हेही असेच एक काम आहे. त्या नोंदी अपुऱ्या आहेत आणि त्यांतील कारणे विश्वसनीय नाहीत, असे म्हणून त्या बाजूस सारण्यात येतात. ग्राँटपुढील पत्रके याहूनही अपुरी होती. कारणाचा रकाना अविश्वसनीय असला तरी तारखेचा रकाना सहसा विश्वसनीय असतो, आणि प्रस्तुत विषयात आरंभ करावयास तेवढा पुरेसा आहे.